‘वय झालं होतं’ हे मृत्यूचं कारण नव्हे

गणपतीचे दिवस आणि अमेरिकेतल्या हरिकेनचे दिवस एकच. मोसम कागदावर १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो, पण त्याचा खरा जोर ऑगस्टच्या अखेरीपासून, म्हणजे आमच्या मंडळात मखराची तयारी चालू असते तेव्हाच. २०१७ साली तर गणेश चतुर्थीच्याच रात्री, २५ ऑगस्टला, हार्वी टेक्ससच्या किनाऱ्याला धडकलं. इर्मा १० सप्टेंबरला फ्लोरिडात आलं तेव्हा पितृपक्ष लागला होता. त्याच पितृपक्षात, १३ सप्टेंबरच्या सकाळी, मायामीच्या उत्तरेला असलेल्या हॉलिवूड नावाच्या गावात एका शुश्रूषागृहातून म्हाताऱ्या माणसांना स्ट्रेचरवर घालून बाहेर काढत होते. त्यातली आठ माणसं त्याच दिवशी गेली. नंतरच्या दिवसांत दगावलेली धरून पुढे बारा जणांचे मृत्यू या घटनेच्या खात्यावर नोंदले गेले.

मंडळाच्या महाप्रसादाला पानावर बसलो असताना हा विषय निघाला की मला दरवर्षी तीच चार वाक्यं ऐकायला मिळतात. निसर्गापुढे कुणाचं काय चालतं? नव्वदीची माणसं, वय झालं होतं हो, आज ना उद्या जाणारच होती. सरकारने जनरेटरची सक्ती केली म्हणून काय, उलट छोटी घरं बंद पडतील आणि म्हातारे रस्त्यावर येतील. आणि शेवटचं, आवाज थोडा खाली आणून: मुळात मुलांनी आई-वडलांना तिथे ठेवलंच कशाला? बोलणारी माणसं शिकलेली असतात, मनानं वाईट नसतात. म्हणूनच मला जास्त राग येतो. मी फ्लोरिडात फार्मासिस्ट आहे. असिस्टेड लिव्हिंगमध्ये राहणाऱ्या वृद्धांची औषधं तपासायला मी घरोघरी जाते. ही चारही वाक्यं खोटी आहेत हे मी तिथल्या फ्रीजसमोर, खाटांसमोर उभी राहून शिकले आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवते. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की डॉक्टरांचं छोटं खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर येतं. अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या, सतत शुश्रूषा लागणाऱ्या माणसांचं ठिकाण. असिस्टेड लिव्हिंग त्याच्या एक पायरी अलीकडचं. तिथे माणूस आपल्या खोलीत राहतो. आंघोळ, जेवण, गोळ्या यांसाठी मदत मिळते. पण हा फरक आता कागदापुरता उरला आहे. मी ज्या घरांत जाते तिथे इन्सुलिन घेणारे आहेत, ऑक्सिजनच्या यंत्राला जोडलेले आहेत, स्मृतिभ्रंशाने स्वतःचं नाव विसरलेले आहेत. आणि तरीही केंद्र सरकारने २०१६ साली आपत्कालीन तयारीचे जे नियम केले, ते नर्सिंग होमना लागू झाले, असिस्टेड लिव्हिंगना नाहीत. त्यांचा कारभार ज्या त्या राज्यावर सोडलेला आहे. एकाच रस्त्यावरच्या दोन इमारती, दोन्हींत ऐंशी-पंच्याऐंशीचीच माणसं. एकीत केंद्राचा नियम पोचतो, दुसरीत नाही.

आता ‘निसर्गापुढे’ या वाक्याकडे येते. हॉलिवूडच्या त्या इमारतीचं छप्पर उडालं नव्हतं. पाणी शिरलं नव्हतं. भिंत पडली नव्हती. दिवेसुद्धा चालू होते. १० तारखेला दुपारी एअर कंडिशनिंगला वीज पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज गेला, बस्स. इर्मा पुढे सरकलं, ऊन पडलं, आणि सप्टेंबरातल्या फ्लोरिडाच्या उकाड्यात ती इमारत तीन दिवस तापत राहिली. आत पंखे आणि छोटे फिरते कूलर होते. वीज कंपनीला फोन गेले, सरकारकडे फोन गेले. आणि रस्त्याच्या पलीकडे, चालत जाता येईल इतक्या अंतरावर, एक मोठं रुग्णालय थंडगार चालू होतं. तिथे नेलेल्या काही जणांच्या अंगाचा ताप १०७ फॅरनहाइटच्या पुढे होता. वारा थांबल्यावर तिसऱ्या दिवशी, रुग्णालयासमोर, उष्माघाताने मेलेल्या माणसांना आपण वादळाचे बळी कसे म्हणतो?

हे शरीरात कसं घडतं ते मी दर आठवड्याला औषधांच्या यादीवर वाचते. म्हातारपणी घाम कमी येतो, तहान लागल्याची जाणीव बोथट होते. त्यावर पाय सुजू नयेत म्हणून लघवी वाढवणारी गोळी चालू असते. ती पाणी काढून टाकते. लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेली गोळी घाम आणखी कमी करते. रात्री अस्वस्थ होतात म्हणून दिलेली गोळी शरीराचं तापमान सांभाळणारी यंत्रणाच मंदावते. चांगल्या हेतूने, चांगल्या डॉक्टरांनी लिहिलेली ही तीन औषधं घेणारा माणूस ९५ फॅरनहाइटच्या खोलीत ठेवा. तो तक्रार करणार नाही. गप्प पडून राहील. झोपलाय असं वाटेल. ‘वय झालं होतं’ या वाक्याला तिथूनच सुरुवात होते, कारण मरणारा ओरडत नाही.

आणि वयाचंच म्हणाल तर २०२० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. इर्माच्या वेळी फ्लोरिडातल्या नर्सिंग होममध्ये असलेल्या माणसांची तुलना संशोधकांनी २०१५ सालच्या त्याच महिन्यांत तिथे राहणाऱ्या माणसांशी केली. पहिल्या ३० दिवसांत २६२ मृत्यू जास्त निघाले, ९० दिवसांत ४३३. २०१५ साली राहणाऱ्यांचं वय झालं नव्हतं का? त्यांना मधुमेह नव्हता, हृदयविकार नव्हता? माणसं तशीच, आजार तेच, खाटा त्याच. फरक एका वादळाचा आणि त्याच्या मागून आलेल्या दिवसांचा. हॉलिवूडमध्ये बारा जण गेले म्हणून वर्तमानपत्रात आलं. बाकीचे एकेकटे गेले, वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या आठवड्यांत, आणि प्रत्येकाच्या घरी कुणीतरी हेच म्हणालं असणार की वय झालं होतं.

पानावरचा दुसरा कुणी लगेच म्हणतो, मग वादळ यायच्या आधी सगळ्यांना बसमध्ये घालून लांब न्यावं, त्यात काय. त्यात बरंच काही आहे. २००५ साली रिटा वादळाच्या आधी ह्यूस्टनजवळच्या बेलेअरमधून वृद्धांना घेऊन एक बस डॅलसकडे निघाली. लाखो माणसं एकाच वेळी रस्त्यावर, गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतायत. २३ सप्टेंबरच्या सकाळी डॅलसजवळ बसच्या मागच्या चाकाने पेट घेतला. चाकाच्या बेअरिंगला वंगणच नव्हतं. आत प्रवाशांचे ऑक्सिजनचे सिलिंडर होते. २३ जण मेले. वादळापासून दूर नेत असताना मेले. पुढे २०२१ साली आयडा वादळाच्या वेळी लुइझियानात सात नर्सिंग होममधल्या ८००हून जास्त माणसांना इंडिपेंडन्स नावाच्या गावातल्या एका गोदामात नेऊन ठेवलं. जमिनीवर गाद्या, घाण, दुर्गंधी, माणसं दगावली. ‘हलवलं’ या नोंदीपुढे बरोबरची खूण तिथेही झालीच होती.

न हलवल्याचीही उदाहरणं आहेत, आणि तीही भयानक आहेत. कतरिना वादळाच्या वेळी न्यू ऑर्लिन्सलगतच्या सेंट बर्नार्ड पॅरिशमध्ये सेंट रिटाज नावाच्या नर्सिंग होममध्ये ३५ जण पाण्यात बुडून मेले. हार्वीच्या वेळी टेक्ससमधल्या डिकिन्सन गावच्या एका असिस्टेड लिव्हिंगमधला फोटो जगभर गेला: आजीबाई खुर्च्यांवर बसलेल्या, पाणी कमरेपर्यंत आलेलं, एकीच्या समोर विणकाम तरंगल्यासारखं. त्यांना हेलिकॉप्टरने काढलं, त्या वाचल्या. २०२४ च्या मिल्टन वादळानंतर टॅम्पामध्ये शेरीफच्या माणसांनी एका असिस्टेड लिव्हिंगमधून १३५ जणांना पाण्यातून बाहेर काढलं. म्हणून ‘हलवा’ हेही उत्तर नाही आणि ‘हलवू नका’ हेही नाही. इमारत किती उंचीवर आहे, समुद्राचं पाणी तिथवर येतं का, वीज गेली तर किती तास निघतील, बस कुणाची आणि तिची शेवटची दुरुस्ती कधी झाली, पलीकडे कुठे उतरवणार आणि तिथे खाटा आहेत का, याची उत्तरं एकेका इमारतीची वेगळी असतात. ती वादळाचं नाव टीव्हीवर आल्यावर शोधायची नसतात. फ्लोरिडात अशी योजना लिहून काउंटीकडून मंजूर करून घ्यावीच लागते. ती फाइल मी कित्येक कपाटांत पाहिली आहे. प्रश्न तिच्यातला बसवाला अजून धंद्यात आहे का, हा आहे.

स्मृतिभ्रंश असलेल्यांना हलवण्याची तर वेगळीच किंमत असते. आखाती किनाऱ्यावरच्या चार वादळांचा अभ्यास झाला, त्यात अशा माणसांना हलवल्याने ९० दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण ३.९ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. आकडा कोरडा वाटतो, म्हणून एक काकू सांगते. मूळच्या साताऱ्याकडच्या, चाळीस वर्षं अमेरिकेत काढलेल्या, बँकेत नोकरी केलेल्या. स्मृतिभ्रंश वाढत गेला तशी त्यांची इंग्रजी गेली. आधी शब्द गेले, मग वाक्यं, शेवटी मराठीच उरली, तीही माहेरची. एका वादळाच्या वेळी त्यांच्या असिस्टेड लिव्हिंगमधल्या सगळ्यांना एका शाळेच्या व्यायामशाळेत नेलं. काकू रात्रभर ‘तान, तान’ म्हणत राहिल्या. ती तहान होती. स्वयंसेविकेला वाटलं त्या गुणगुणतायत. ती त्यांच्याजवळ बसून हात कुरवाळत राहिली, मनापासून. पाण्याची बाटली दोन हातांवर होती. सकाळी मुलगा पोचला तेव्हा काकूंचे ओठ चिकटलेले होते.

काकू वाचल्या. परत आल्यावर त्यांच्या मुलाने आणि मी मिळून एक पुठ्ठा केला. पाणी, तान, भूक, शू, शी, दुखतंय, गार लागतंय, उकडतंय, चष्मा, घरी जायचंय. समोर इंग्रजी अर्थ. तो खाटेच्या वर लावला आणि दुसरा त्यांच्या आणीबाणीच्या पिशवीत, गोळ्यांच्या यादीला जोडून ठेवला. खर्च शून्य. कुणी विचारलं की तयारी म्हणजे नक्की काय, तर मी हा पुठ्ठा सांगते. तयारी म्हणजे त्या माणसाला त्या रात्री काय लागेल हे आधी डोळ्यांसमोर आणणं. ‘निसर्गापुढे’ म्हणणाऱ्याने ते आणायचंच नाकारलेलं असतं.

खर्चाचा मुद्दा सगळ्यांत जोरात मांडला जातो, आणि तो मांडणाऱ्यांत फक्त मालकच नसतात, घरची माणसंही असतात. फ्लोरिडाने २०१८ साली असिस्टेड लिव्हिंगसाठी कायदा केला. वीज गेली तर ९६ तास आतलं तापमान ८१ फॅरनहाइटच्या वर, म्हणजे साधारण २७ सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचं नाही. त्यासाठी पर्यायी वीज हवी. सोळापर्यंत खाटा असतील तर ४८ तासांचं इंधन जागेवर हवं, त्याहून मोठ्या घरांत ७२ तासांचं. झालं, ओरड सुरू झाली. सहा खाटांच्या घराला हे कसं परवडणार? मुदतवाढीसाठी अर्ज गेले, एकामागून एक.

लहान घरं चालवणं सोपं नाही हे मी मान्य करते. इथली कित्येक असिस्टेड लिव्हिंग ही वस्तीतली साधी बैठी घरं आहेत. मालकीणच स्वयंपाक करते, तीच डायपर बदलते. पण कायदा नीट वाचा. अख्खं घर गार ठेवायला कुणीच सांगितलेलं नाही. माणशी २० चौरस फूट जागा थंड हवी. सहा माणसांना १२० चौरस फूट. दहा बाय बाराची एक खोली! एका खोलीचा एसी, इन्सुलिनचा फ्रीज आणि ऑक्सिजनचं यंत्र चार दिवस चालेल एवढी वीज. प्रत्येक माणूस महिन्याला हजारो डॉलर भरतो. त्या पैशात एक खोली गार राहू शकत नसेल, तर त्या घराने सहा माणसांची जबाबदारी घेतलीच कशी?

आणि सक्ती नसली की काय होतं तेही पाहिलेलं आहे. जुलै २०२४ मध्ये बेरिल टेक्ससला धडकलं. वादळ पहिल्या श्रेणीचं, म्हणजे हरिकेनांत सगळ्यांत हलकं. तरीही ह्यूस्टनच्या परिसरात २२ लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, आणि पुष्कळांची कित्येक दिवस आली नाही. त्या वेळी टेक्ससमध्ये असिस्टेड लिव्हिंगला जनरेटरची सक्ती नव्हती. जुलैचा उकाडा तोच, म्हातारी माणसं तीच. घरोघरची मुलं आई-वडलांना न्यायला गाड्या घेऊन धावत होती. इर्माला सात वर्षं होत आली होती.

जनरेटर आहे एवढ्यावरही मी समाधान मानत नाही. टॅम्पा खाडीच्या बाजूला सहा खाटांचं एक घर आहे. वादळाच्या चार दिवस आधी मी तिथे गोळ्यांचा जादा साठा पोचवायला गेले होते. जनरेटर मागच्या पडवीत होता, प्लास्टिकच्या आवरणाखाली. मी म्हटलं, लावून दाखवा. रात्रपाळीची केअरगिव्हर, एकटीच असते, पन्नाशीची बाई, तिने आयुष्यात तो कधी सुरू केला नव्हता. दोरी ओढायला जोर पुरेना. कॅनचं झाकण उघडलं तर पेट्रोलला तो जुनाट, आंबूस वास येत होता. गेल्या मोसमातलं होतं ते. आणि यंत्र ठेवलं होतं खोलीच्या खिडकीखाली. ते तिथे सुरू झालं असतं तर धूर थेट आत गेला असता, सहा झोपलेल्या माणसांवर. मालकांना फोन केला. ते म्हणाले, काळजी करू नका, वीज गेली की मी येऊन सुरू करीन. ते खाडीच्या पलीकडे राहतात. वाऱ्याचा जोर वाढला की खाडीवरचे पूल बंद करतात, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. तपासणीच्या कागदावर त्या घरासमोर ‘जनरेटर: आहे’ असंच लिहिलेलं होतं. आम्ही त्या संध्याकाळी तिघांनी मिळून तो पडवीतून दूर अंगणात ओढला, ताजं पेट्रोल आणलं, आणि त्या बाईने सहाव्या प्रयत्नात तो सुरू केला. तिचा चेहरा मला अजून आठवतो. तिला आजवर कुणी शिकवलंच नव्हतं.

मुलांनी ठेवलंच कशाला, या प्रश्नाला मी फार जागा देणार नाही. घरी ठेवलेल्या आईचीसुद्धा वीज जाते. घरचं ऑक्सिजनचं यंत्रसुद्धा बंद पडतं. आयडानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये वृद्धांसाठीच्या साध्या भाड्याच्या इमारतींत, जिथे कुणी केअरगिव्हरच नसते, तिथे माणसं अंधाऱ्या खोल्यांत मृत सापडली. जिना उतरता येत नव्हता, लिफ्ट बंद होती. साताऱ्याच्या काकूंना रात्री उठून गॅस लावायची सवय लागली होती. त्यांच्या मुलाने त्यांना तिथे ठेवलं ते त्यांचा जीव वाचवायला. त्या मुलाला पानावर बसून टोचून बोललं की बोलणाऱ्याची सुटका होते: दोष मुलाचा ठरला, इमारतीला काही विचारायची गरज उरली नाही. तो मुलगाही मग शरमेने काही विचारत नाही. ज्याने प्रश्न विचारायला हवेत त्यालाच आपण गप्प करतो.

राहता राहिलं, ‘कोर्टाने तर सोडून दिलं ना’. हो, सोडलं. सेंट रिटाजचे मालक २००७ मध्ये निर्दोष सुटले. हॉलिवूडच्या शुश्रूषागृहाचा प्रशासकही २०२३ मध्ये सुटला. एका माणसाचा गुन्हा शंकेपलीकडे सिद्ध झाला का, एवढंच कोर्ट पाहतं. हॉलिवूडची ती माणसं वाचली असती का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर त्या काउंटीच्या मेडिकल एक्झामिनरने आधीच लिहून ठेवलं आहे. मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यू कसा आला यासाठी मोजके पर्याय असतात: नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, मनुष्यवध, अनिश्चित. नव्वदीच्या, डझनभर आजार असलेल्या माणसांसाठी ‘नैसर्गिक’ लिहिणं सोपं होतं. कुणी विचारलंही नसतं. त्या बारा जणांसाठी त्यांनी ‘मनुष्यवध’ लिहिलं. म्हणजे दुसऱ्या माणसांनी जे केलं किंवा करायचं टाळलं त्यातून आलेला मृत्यू. ‘वय’ असा पर्याय त्या कागदावर नाहीच.

येत्या १ जूनला मी त्या खाडीकाठच्या घरी जाणार आहे, आणि माझ्या यादीतल्या बाकीच्या घरीही. ज्यांचे आई-वडील, सासू-सासरे, शेजारचे काका अशा ठिकाणी आहेत त्यांनी आपापल्या ठिकाणी जावं. दिवसा जाऊ नका. दिवसा व्यवस्थापक असतो आणि फाइल असते. रात्री आठनंतर जा, रात्रपाळीला जी एकटी बाई असते तिच्याकडे. तिला म्हणा, ताई, मेन स्विच बंद करू या का पाच मिनिटं? मग कुठली खोली गार राहते, इन्सुलिन कुठे जातं, तुमच्या आईच्या नाकातली नळी कशाला जोडली जाते, ते तिथेच उभं राहून बघा. जनरेटरची दोरी तिला ओढू द्या. तुम्ही ओढू नका.